दीनाच्या रसाची कीर्ती

पारनेर,
शनिवार

प्रिय केविन,

तुला आणि जयाला प्रभूमध्ये सलाम. तुझी पाठदुखी कमी व्हावी म्हणून मी रोज प्रार्थना करतो. (तुझं पोट कमी व्हावं म्हणून तुझी बहीण करते.)

गेल्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या सकाळी, मी चर्चच्या कपाटातून चुकीची बाटली काढली. माझ्या पन्नाशीसाठी तू जहाजावरून आणलेली, तीस वर्षं मुरलेली पोर्ट वाइन मी तुझ्या सूचनेप्रमाणे आदल्या दिवशी उघडली. फडक्यातून हळूहळू गाळून, तळचा गाळ मागे ठेवून, सरबताच्या बाटलीत भरली. घरात दीनाला वास आला असता, म्हणून चर्चच्या कपाटात नेऊन ठेवली. शेजारीच प्रभुभोजनासाठी दीनाने मनुका उकळून केलेला रस होता, तोही सरबताच्याच बाटलीत. पुढचं तू ओळखलंस.

तू लिहिलं होतंस, ही वाइन इवल्याशा पेल्यातून घ्यावी, डोळे मिटावेत, घोट जिभेवर धरावा, बोलू नये. अरे बाबा, आमची मंडळी प्रभुभोजनात पिढ्यानपिढ्या हेच करते आहे! (फक्त तुझ्यासारखी त्यात अक्रोड नि जुन्या चामड्याचे वास शोधत बसत नाही.) त्या दिवशी 'आमेन' मात्र जरा उशिरा आणि भरघोस आला. बाहेर पडताच गोजरबाईंनी, म्हणजे आमच्या दारूबंदी मंडळाच्या अध्यक्षांनी, दीनाचा हात धरला. "दीना, लई ग्वाड रस केल्तास गं! छातीत कशी ऊब आली."

इतकी वर्षं दीना रस करते, पण कुणी कधी चांगला म्हटलं नव्हतं. आता पाळकबाई कृती मागतात. दीना मनुका निवडताना गुणगुणते. तिला खरं कोणत्या तोंडाने सांगू? आणि उद्या पुन्हा प्रभुभोजन!

चव मला विचारू नकोस. मंडळीचा वडील, म्हणजे पेले वाटणारा, म्हणून मी शेवटी घेतो, आणि तोवर बाटली संपली होती.

तुझा दाजी,
शांतवन

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन सगळं सांगून टाकलं. दीनाने मान वर केली नाही. "माझा रस मला वळखू येत न्हाई व्हय? म्हनलं, बघू, तुमी कधी सांगताय."

आणखी ता. क. गोजरबाईंना ती स्वतः सांगणार आहे, नाताळात, तू इथे असताना. येताना एक बाटली आण, म्हणते. "तुमचा पेला कोरडा ऱ्हायला, ते बी पाह्यलं मी."