जागेअभावी गाळलेली तळटीप

प्रिय धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद, पेलतील तेवढे घे. माझे गुडघे बरे आहेत. तुझा रक्तदाब कसा आहे?

बायबलचा शब्दन् शब्द, भाषांतरासकट, देवानेच सांगितलेला आहे असं तू तीन पानं भरून लिहिलंस. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला हे छडी मारून पटवायचे. तुला छडीचीही गरज पडली नाही.

अरे, त्याच भाषांतराच्या समितीत तीस वर्षं टायपिस्ट होते मी! नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या लेकीला तू ज्या वचनावर बोट ठेवून हाकललंस, त्यावर विद्वान चार दिवस भांडले. पाचव्या दिवशी अध्यक्षांची दाढ ठणकायला लागली, म्हणून हात वर करायला सांगून मोजले. आठ विरुद्ध सात. 'मूळ अर्थ निश्चित नाही' ही तळटीप मीच टाइप केली होती. पानावर जागा उरली नाही म्हणून ती छापखान्याने काढली, देवाने नव्हे.

लेक माझ्याकडे आहे. पाठीवरचे वळ आता गेले. काल विचारत होती, "आत्या, बाबांनी माझ्याबद्दल काय लिहिलंय गं?"

तुझ्या तीन पानांचं मी तिला भाषांतर करून सांगितलं, "काही नाही."

त्यात मात्र एका अक्षराचीही चूक नाही.

अजून तरी तुझीच,
ताई