नळ आलेला रविवार

अकोला

प्रिय एस्तेर,

तुझ्यामागे चर्चचा तरुण संघ विखुरेल, अशी मला भीती होती. आज उपासना सुरू झाली तरी मुलांचे बाक रिकामेच होते. मी मान खाली घातली. दुसऱ्या गीताला सगळे आत आले, चिंब भिजलेले.

"कुठं होते रे?" पास्टरांनी विचारलं.

"आठ दिवसांनं नळ आला," योएल म्हणाला. "समोरच्या जैनबबी खालाचे गुडघे धरले. त्याइचं पाणी भरून देत होतो."

"कोणी सांगितलं?"

"सांगाले काहून लागते? दिसलं ना!"

पास्टर हसले. "मग मले काहून नाही बोलावलं?"

एस्तेर, तू त्यांना हेच शिकवत होतीस. शेवटचं गीत मी मोठ्यानं गायलं, तू गेल्यापासून पहिल्यांदाच.

तुझाच,
सुधाकर