तुमचा डोळा गेला नव्हता

बाबा,

परवा रायफल क्लबच्या कार्यक्रमात एका म्हाताऱ्या सभासदाने तुमची आठवण काढली. सुरुवात कौतुकाने झाली आणि शेवटी म्हणाला, "वकीलसाहेब म्हंजे पक्का निशाणा. पण राज्याच्या स्पर्धेत डोळ्यानं दगा देला बिचाऱ्याले." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, आणि घरी आल्यापासून स्वतःचाच संताप येतो आहे. तुमच्या डोळ्याला काहीही झालं नव्हतं. चूक माझी होती, आणि तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली तरी अख्ख्या अमरावतीत ती तुमच्या नावावर खपते आहे.

अकोटहून लग्न होऊन आले तेव्हा सासरा कोर्टातून आला की जेवणाच्या टेबलावर रायफलची काडतुसं भरत बसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रीतसर परवाना होता, तरी ऐकून माझ्या आईने कपाळाला हात लावला. बीएस्सी झालेली सून मिळाली म्हणून तुम्ही मात्र खूश. महिनाभरात बारीक तराजू माझ्यापुढे सरकवलात. सासूबाई कडाडल्या, "सून सैंपाकाले आणली का बारूद मोजाले?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "सैंपाक तुले येते ना? मंग. हिचा हात थिर आहे." माझ्या हाताबद्दल तोवर कुणी चांगलं बोललं नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं होतं.

तुमची पद्धत साधी होती आणि भयंकर चिवट. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बारूद जराशी कमी केली तर गोळी तीच ठेवायची. मग रविवारी चांदमारीवर पाच गोळ्या झाडायच्या आणि पाचही छिद्रं वहीत जशीच्या तशी उतरवायची. एकदा चार छिद्रं अगदी जवळ आली, पाचवं लांब गेलं. मी वहीत चारच काढली. "पाचवी कोनं झाडली, शेजाऱ्यानं?" एवढंच विचारलंत. माझी कानशिलं तापली. पुढच्या रविवारी आवाज लागू नये म्हणून कानावर लावायचा नवा जोड माझ्यासाठी आणलात आणि रायफल माझ्या हातात दिलीत. सासूबाईंना सांगू नको म्हणालात. मी त्यांना आधीच सांगून टाकलं होतं!

मोजताना पंखा, कूलर सगळं बंद. जरा वारा लागला की काटा हलायचा आणि माप चुकायचं. ऐन मे महिन्यात तुम्ही बनियन ओलं होईपर्यंत बसून असायचात, पण हूं की चूं नाही. एवढा धीर मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात तुम्ही एका खटल्यासाठी अकोल्याला गेलात आणि काडतुसं माझ्यावर सोपवलीत. अर्धी झाली नि माझा जीव उकडून गेला. मी कूलर लावला. काटा थरथरत होता, मला दिसत होतं. चालेल एवढं, असं म्हणून उरलेली तशीच भरली.

तुम्ही हरलात. त्या वयात पुन्हा संधी नव्हती, हे तुम्हालाही ठाऊक होतं. निशाण्याचा कागद घेऊन घरी आलात आणि सासूबाईंना म्हणालात, "डोळा गेला आता माहा." मी कागद पाहिला. छिद्रं चहूकडे पसरली नव्हती, एकाखाली एक उभी होती. अशी उभी रांग आली की मापात गडबड समजायची, डोळ्यात नाही, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. मी बोलायला तोंड उघडलं आणि पाणी आणायला आत निघून गेले.

पुढच्या रविवारी तुम्ही टेबल उचलून मागच्या कोठीत नेलंत. तिथे कूलरचा वारा पोचत नव्हता. खिडकीही नव्हती. "काहून जी, अंधारात?" सासूबाईंनी विचारलं. "तिथं उजेड बरा आहे," म्हणालात, आणि तराजू पुन्हा माझ्याच पुढे ठेवलात.

हे पत्र टाकणार तरी कुठे? क्लबात उभं राहून खरं सांगावं असं परवापासून म्हणते आहे, पण मी मला ओळखते. तुम्हाला एवढंच सांगते, की तुम्ही सगळं जाणून होतात हे मला त्याच दिवशी कोठीच्या दारात कळलं होतं. मी दिवा लावला आणि मोजायला बसले.