ताईची फेक

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या, जाडजूड आणि परवाच रीतसर गळा दाबला गेलेल्या भावाचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांगातली दोन अंगं, म्हणजे गुडघे, गेल्या वर्षापासून सामील होत नाहीत. ती तू धरून चाल.) तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर भावोजींना सगळं स्वच्छ दिसतंय हे वाचून बरं वाटलं. इतक्या वर्षांनी तुला नीट पाहून ते काय म्हणाले, ते मात्र तू लिहिलं नाहीस.

इथे सगळं ठीक. आपला ज्युडोचा क्लब अजून टायरच्या गोदामावरच आहे. जिना चढताना तोच रबराचा वास येतो आणि तो आला की माझे खांदे आपोआप सैल पडतात, अगदी दहावीत असल्यासारखे. पण मॅट बदलल्या बाई! काथ्या भरलेल्या त्या जुन्या, वर ताडपत्री ताणलेल्या, पडलं की धूळ उडायची आणि आपले सर शिंकायचे, त्या गेल्या. आता निळ्या, मऊ. यांच्यावर पडल्यावर झोपावंसं वाटतं. कोपऱ्यातली ती एक ढेपाळलेली मॅट मी फेकू दिली नाही. घरी बाल्कनीत ठेवली आहे. तुझी भावजय तिला सवत म्हणते.

तर झालं असं. ज्युडोला मुलं येईनाशी झाली. ज्याला त्याला ब्राझिलियन जिउ-जित्सू हवं. (म्हणजे आपल्यासारखंच, पण उभं राहण्याचा कंटाळा असलेल्यांचं.) क्लबचे अध्यक्ष औषधाचं दुकान चालवतात. त्यांनी मला न विचारता दारावर पाटी रंगवून घेतली : ज्युडो आणि जिउ-जित्सू, आणि खाली प्रशिक्षक म्हणून मी. मी म्हटलं, "अहो, मला ते येत नाही." तर म्हणाले, "सर, खाली पडल्यावर पुढे काय करायचं, एवढंच तर आहे. पडणं तुम्हाला येतंच की!"

मग छप्पन्नाव्या वर्षी मी विद्यार्थी झालो. शिकवायला एक दातांची डॉक्टर मिळाली, तुझ्या पिंकीहून दोन वर्षांनी लहान. मंगळवारी आणि गुरुवारी ती क्लासच्या आधी तासभर माझ्या छातीवर बसते आणि अत्यंत आदराने विचारते, "सर, श्वास घेता येतोय ना?" दवाखान्यातली सवय असावी, कारण उत्तर देता येणार नाही अशाच वेळी विचारते. मग ती घाम पुसते आणि लगेच मी तेच बाकीच्यांना असं शिकवतो, जणू आईच्या पोटातून शिकून आलोय. महिनाभर हे बेमालूम चाललं.

परवा मात्र क्लास लवकर जमला. बावीस जण भिंतीला टेकून बसलेले आणि तिने मागून माझ्याच कॉलरने माझा गळा आवळला. अशा वेळी हाताने दोनदा थोपटायचं, की समोरचा सोडतो. सरांनी आपल्याला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं आणि मी हजार पोरांना हेच शिकवलंय. पण बावीस जणांसमोर, ताई? मी थोपटलं नाही. मी हसलो. मग दिवे गेले. (क्लबचे नाहीत, माझे.)

सात सेकंद गेले म्हणतात. मला विचारशील तर एक अख्खी दुपार गेली. मी तुझ्या पाठीवर होतो आणि तू जिना उतरत होतीस. तुझ्या वेणीचं टोक माझ्या नाकात जात होतं आणि तू दर पायरीला "झालं, झालं" म्हणत होतीस. डोळे उघडले आणि मी भरल्या क्लाससमोर खणखणीत आवाजात म्हणालो, "ताई, आईला सांगू नकोस!"

हसून हसून सगळे आडवे झाले. मग बँकेतल्या कॅशियरबाईंनी विचारलं, "सर, ही ताई म्हणजे ताईच्या फेकीतली का?" मला सांगावं लागलं. तुझी ती कमरेवरची फेक, डावा पाय जरा उशिरा टाकून मारायचीस ती, मी तीस वर्षं 'ताईची फेक' म्हणूनच शिकवतोय. पोरांना वाटायचं, नाव जपानी आहे. एकाने तर स्पर्धेत पंचांना ठासून सांगितलं आणि बिचारे पंच पुस्तक चाळत बसले.

मग बाकीचंही सांगितलं. तुझ्या काळ्या पट्ट्याच्या परीक्षेला तुझा जोडीदार मी होतो. तिसऱ्याच फेकीला मी वाकडा पडलो, खांद्याचं हाड मोडलं आणि परीक्षकांकडे न बघता तू मला पाठीवर घेऊन जिना उतरलीस. सर वरून ओरडत होते, "अगं, दोनच फेकी राहिल्यात!" परीक्षा वर्षातून एकदाच व्हायची. पुढच्या वर्षी तुझं लग्न होऊन तू गेलेली होतीस आणि तिथे क्लब नव्हता. पट्टा मी मिळवला. तू पेढ्यांऐवजी मला नवा कमरपट्टा पाठवलास, पाठदुखीचा. आपण दोघंही त्यावर हसलो आणि तो विषय तिथेच राहिला. मी तुला कधी काही म्हणालो नाही. क्लासमध्ये सांगताना आवाज जरा बसला. गळा आवळल्यामुळे, असं मी सांगितलं.

बाकी विशेष काही नाही. प्रकृतीला जप. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी परीक्षक येणार आहेत. वयाची अट नाही, मी दोनदा विचारून घेतलं. तुझा फॉर्म भरून दिलाय, सहीसुद्धा तुझ्यासारखी जमली. तू रोज पहाटे पोहतेस, उगाच गुडघ्यांची कारणं सांगू नकोस. जोडीदार मीच. पाचही फेकी नीट पडेन. आठ दिवस आधी ये, सराव करू.

ता. ता. क. : तुझ्या परीक्षेच्या दिवशी घामाने माझा पाय घसरला असं मी आजवर सांगत आलो. घसरला नव्हता. प्रेक्षकांत तुझी आत्ताची भावजय बसली होती आणि मी हवेतून तिच्याकडे बघत होतो. हे आज तिला पहिल्यांदाच सांगितलं. वाटलं, लाजेल. ती म्हणाली, "तुम्ही पडलात कधी, ते मी पाहिलंच नाही. मी ताईंकडे बघत होते." रविवारी पहिल्या रांगेत बसणार आहे म्हणते.