बिनझरोक्यांचं विमान

मालाड,
२ नोव्हेंबर १९८९

चि. नंदूस कुंदाताईचे अनेक आशीर्वाद.

आधी मुद्द्याचं. रविवारी घाटकोपरला जाऊन आप्पांना तुझा निरोप सांगितला. नंदू मस्कतहून रजेवर एकटाच येतोय, सूनबाई क्षमा तिथेच राहील. तुम्ही पूर्वीसारखी पिवळी चादर हलवत गच्चीवर दिसलात तर विमानतळावरून थेट घरी येईल, नाहीतर मुलुंडला सासऱ्यांकडे उतरेल, असं त्याचं म्हणणं आहे. आप्पा म्हणाले, "त्याला लिही, मी गच्चीवर असेन." दोन वर्षांनी त्यांनी तुझा विषय काढू दिला रे. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

घाटकोपरची खोली सोडून तुझ्या मुलुंडच्या रिकाम्या ब्लॉकमध्ये राहा, असं तू सांगितलंस ते काळजीपोटीच. म्हातारा माणूस एकटा राहतो, मलाही मालाडहून रोज येणं जमत नाही. पण "तुम्हाला मुलापेक्षा विमानांवरचे झरोके प्यारे" हे तू बोलायला नको होतंस. चित्रकलेच्या मास्तरांची आयुष्यभराची हौस ती एवढीच. गच्चीवर बसून विमानांच्या रंगांना मार्क द्यायचे, आठवतं ना? स्विसला सात. गल्फला साडेसहा, कारण सोनेरी रंगात हात सैल सुटलाय. आणि एअर इंडियाच्या खिडक्यांभोवती रंगवलेल्या लाल झरोक्यांना पैकीच्या पैकी. तुझी कागदी विमानंसुद्धा झरोके काढल्याशिवाय उडत नसत, तेव्हा तूही काही कमी नाहीस. चादर फक्त आपलं माणूस आत असलं की हलवायची, परक्या विमानाला नाही, हा नियमही त्यांचाच.

डावीकडची खिडकी मागून घे. त्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून साटोऱ्या घेऊन येते. भांडलास तरी चालेल, पण ताईवरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी,
ताई


मस्कत,
४ डिसेंबर १९८९

ती. सौ. कुंदाताईस शि. सा. न. वि. वि.

रजा रद्द झाली का, असं तू विचारलंस. नाही झाली. मी आलो होतो ताई. आप्पांनी चादर हलवली नाही म्हणून मुलुंडला गेलो आणि रजा अर्धवट टाकून परतलो. ताईला कळवू नका, असं सासऱ्यांना मीच बजावलं होतं.

टेकडी ओलांडली आणि आपली गच्ची दिसली. आप्पा चादर घेऊन उभे होते. मान वर करून त्यांनी विमानाकडे पाहिलं, चादर तशीच छातीशी धरली आणि हात काही वर केला नाही. मी काचेला नाक लावून वेड्यासारखा हात हलवत होतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, खाली कोण आहे? मी म्हटलं, कुणी नाही. ते गच्चीवर आलेच नसते तर एक वेळ चाललं असतं. येऊन, बघून, हात वर न करणं हे मला झेपलं नाही गं.

बोलायला विषयही घेऊन आलो होतो. एअर इंडियाचं विमान नव्या रंगातलं होतं. अख्खं पांढरं, झरोके पार गायब, शेपटी तेवढी लाल आणि तिच्यावर सोनेरी चक्र. याला किती मार्क, असं विचारणार होतो. तीनच्या वर जाणार नाहीत, अशी स्वतःशीच पैज लावली होती. आता राहू दे.

क्षमा नमस्कार सांगते. तुझी माया आहेच, ती असू दे.

तुझा,
नंदू


मालाड,
१७ डिसेंबर १९८९

चि. नंदूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. अरे, आप्पांना ते विमान ओळखूच आलं नाही. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. नंदूला कळवलंस तर तो उद्याच मला मुलुंडला उचलून नेईल, असं म्हणून त्यांनी माझं तोंड बंद केलं होतं. लांबचं आता त्यांना नुसते रंग दिसतात. लाल झरोक्यांची ओळ दिसली तर आपलं विमान, नाहीतर परकं. तुझं पांढरं विमान त्यांना परकं वाटलं. विमानं उशिराही येतात, म्हणून ऊन डोक्यावर येईपर्यंत ते तिथेच उभे होते. संध्याकाळी मी गेले तेव्हा म्हणाले, त्याला रजा मिळाली नसेल.

नव्या रंगाचा फोटो मी पेपरात पाहिला होता. नाक मुरडलं आणि पान उलटलं. आप्पांना एका शब्दानं सांगितलं असतं तर? याचा विचार करकरून डोकं फुटायची वेळ आली आहे.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "त्यानं हात हलवला होता?" मी हो म्हटलं. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवले नाहीत.

मला दोष दे, पण पत्र पाठव.

तुझी,
ताई


मस्कत,
२९ डिसेंबर १९८९

ती. आप्पांस शि. सा. न. वि. वि.

काल साहेबांकडे पुन्हा रजा मागायला गेलो होतो. आता दोन वर्षं नाव काढू नको म्हणाले. हातातली रजा मीच रागानं फुकट घालवली, तक्रार कुणाकडे करू?

मी तुम्हाला नाही नाही ते बोललो. विमान उतरल्यावर चार पावलं घरी आलो असतो तर सगळं कळलं असतं, पण तेवढंही मला जमलं नाही. माफ करा. तुम्ही घाटकोपरची खोली सोडू नका. मुलुंडचा ब्लॉक मी भाड्यानं देईन. ताईबरोबर जाऊन डोळ्यांचं ऑपरेशन मात्र करून घ्या. पत्र पोचायला आठवडाभर लागेल, म्हणून ठळकच लिहितो: खोली सोडू नका. ती गच्ची मलाही हवी आहे.

आशीर्वाद द्यावा, एवढंच मागणं.

आपला,
नंदू


मुलुंड,
३१ डिसेंबर १९८९

चि. नंदकुमारास अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर कुंदाचं आहे, मजकूर माझा. वरचा पत्ता पाहून दचकू नकोस.

त्या दिवशी तू आला नाहीस असं वाटलं आणि मनानं घेतलं की खोलीच्या हट्टापायी मी मुलगा घालवला. त्याच आठवड्यात, कुंदालाही न सांगता, खोली सोडतो असा मालकांना शब्द दिला. कुंदाला लिहिलेलं तुझं पत्र आलं तोवर त्यांनी ती दुसऱ्या बिऱ्हाडाला देऊन टाकली होती. गेल्या आठवड्यात सामान हलवलं. तुझ्या सासऱ्यांनी किल्ली दिली, पाणी भरून ठेवलं. माणसं चांगली आहेत. ब्लॉकही हवेशीर आहे.

नव्या रंगाला मार्क विचारणार होतास, ते मी देऊ शकत नाही. मला तो नीट दिसला नाही आणि चित्र न पाहता मार्क देण्याची मला सवय नाही. पण माझा मुलगा डोक्यावरून हात हलवत गेला आणि मी चादर धरून बघत राहिलो, हे काही केल्या मनातून जात नाही.

पुढच्या वेळी कुठल्याही रंगाच्या विमानानं ये. इथून एकही विमान दिसत नाही. बेल वाजली की मी कोण आहे ते विचारत नाही, सरळ दार उघडतो. कुंदा रागावते, चोर शिरेल म्हणते. शिरू दे.

सुखी राहा, तू आणि क्षमा एकमेकांना जपा.

तुझा,
आप्पा