हेल्मेट कोण काढतंय?

९ नोव्हेंबर, सोमवार

मी घरात नसताना कुणीतरी आमच्या तान्ह्या ढब्बूचं हेल्मेट काढतंय. नक्की!

संध्याकाळी आले तर पट्टा सैल. केस भुरभुरीत, कोरडे. दिवसभर हेल्मेट असलं की पोराचं डोकं घामाने चिंब असतं. सासूबाईंना विचारलं. "छे गं, अंघोळीपुरतंच काढलं." माझ्याकडे बघितलं नाही. बाटली घासत राहिल्या — घासलेलीच बाटली.

पहिल्या दिवसापासून त्यांच्या मनात नव्हतंच. "इवल्याशा जिवाला हे चिलखत कशाला?"

१० नोव्हेंबर, मंगळवार

माप घ्यायला गेलो. ढब्बू सतत डावीकडे मान करून पडतो, म्हणून डोकं त्या बाजूला मागून चपटं झालंय. हाडं मऊ आहेत तोवरच हेल्मेटने काय ते गोल वळण लागणार. हेल्मेटवाला टेप गुंडाळत म्हणाला, "म्हणावा तसा फरक नाही. पूर्णवेळ घालताय ना?" मी मान डोलावली. खोटारड्यासारखं वाटलं.

लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे काका — "काय, ओपनिंगला पाठवताय की काय?" स्वतःच हसले.

नवऱ्याला माझा संशय सांगितला. "आई कशाला काढेल? तुला ना, सगळीकडे चोरच दिसतात."

१२ नोव्हेंबर, गुरुवार

कामावर जाण्याआधी पट्ट्याच्या वेल्क्रोत निळा दोरा अडकवला. अंघोळ आधीच उरकून ठेवली, म्हणजे ती सबबही नको.

संध्याकाळी दोरा गायब!

हा म्हणतो, "तू घरात सापळे लावतेस?" एवढंच दिसलं त्याला.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

आज दोन दोरे. दोन्ही गायब.

१६ नोव्हेंबर, सोमवार



मी कामाला आहे त्या दातांच्या दवाखान्यातला कॉम्प्रेसर बंद पडला. डॉक्टरांनी सगळ्यांना उद्या बोलवा म्हणून सांगितलं. मी फोन करून पेशंट फिरवले आणि दुपारीच घरी आले. किल्लीने दार उघडलं, आवाज न करता. हो, मुद्दाम.

ढब्बू चटईवर. हेल्मेट बाजूला पडलेलं. आणि सासूबाई एका हाताने त्याचा डोळा झाकून दुसऱ्या हाताने लाल चमचा हलवत होत्या. तो किंचाळत होता! मग त्यांनी दुसरा डोळा झाकला. तो गप्प.

"आई! काय चाललंय हे?"

दचकल्या. चमचा खाली पडला. "काही नाही गं. खेळतोय आम्ही."

हा खेळ? मी पोराला उचललं. "उद्यापासून त्याला हात लावू नका."

चमचा उचलला आणि धुवायला घेऊन गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

रजा टाकली. हा डबा न घेताच कामावर गेला. सासूबाई खोलीतच. ताट तसंच परत आलं.

डोक्यातून तो चमचा जाईना. शेवटी मीच हेल्मेट काढलं आणि ढब्बूचा डावा डोळा झाकला. किंचाळून माझा हात ढकलला. मग उजवा झाकला. हसला! जणू माझा हात तिथे नव्हताच. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

त्याला कडेवर घेतलं. सासूबाईंच्या दारात जाऊन उभी राहिले.

"कधीपासून बघताय तुम्ही हे?"

"झाला असेल महिना. त्या टोपीच्या कडेमुळे डोळा नीट झाकता येईना, म्हणून काढायचे. परत घालताना पट्टा काही जमायचा नाही, बराच वेळ तशीच राहायची."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? माझंच चुकतंय असं निघावं, म्हणून रोज बघत होते गं."

डोळ्यांच्या डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेतली. सासूबाईंना म्हटलं, तुम्हीही चला. आणि कालचं बोलणं मागे घेतलं. जमेल तसं.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. जन्मापासूनचा, आत खोल, वरून सहज न दिसणारा. त्या डोळ्याने जवळजवळ काही दिसत नाही. मान एकाच बाजूला वळते त्यालाही हेच कारण असू शकतं, डॉक्टर म्हणाल्या. ऑपरेशन लगेच. मग चांगल्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे दुसरा कामाला लागेल. किती दिसेल, आत्ता सांगता येणार नाही. आणि हेल्मेट आहेच.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं आहे?" हा चटकन म्हणाला, "नाही, कुणालाच नाही."

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

२१ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी चहा चालू असताना आई आमच्यासमोर येऊन बसल्या. एक डोळा तळहाताने झाकला. म्हणाल्या, "आता मला तुम्ही दोघंही दिसत नाही. दुसरा डोळा लहानपणापासून असाच. लग्न मोडेल म्हणून माझ्या आईने बोलू दिलं नाही, मग राहूनच गेलं."

याने कप खाली ठेवला. त्यांच्या मांडीवर वाढलेला हा — त्याला माहीत नव्हतं!