मागच्या रांगेतून

१० फेब्रु. २००९, मंगळवार

...कणीक मळून झाकून ठेवली होती, कुकर लावला होता, बाल्कनीत दोरीवर ह्यांचे दोन युनिफॉर्म वाळत होते. आणि हे स्वयंपाकघराच्या दारातच फतकल मारून चेंडूत हवा भरत बसले होते. कॉलेजचे चेंडू घरी आणायचे, कारण तिथला पंप कायम कुणीतरी नेलेला. मी म्हटलं, सरका, वाटेत बसलात. सरकले नाहीत. त्या सकाळी एवढंच झालं. ते गेले त्याला दोन वर्षं होतील. अजून कणकेत हात घातला की पंपाचा आवाज येतो.

आज तशीच सकाळ गेली. कणीक, कुकर, मग बेसन भाजलं. परवा कॉलेजच्या मुलींची बास्केटबॉलची सेमीफायनल. ह्यांचा नियम होता, मुली हरल्या की लाडू. जिंकल्या तर नाही. जिंकलेल्याला गोड द्यायला सगळं जग येतं, म्हणायचे. स्पोर्ट्स रूम सांभाळणारा माणूस, पण हा नियम त्यांनी कोचलासुद्धा मोडू दिला नाही. ते गेल्यावर कॉलेजने मला कँटीनला घेतलं, इथे आखातात राहायला व्हिसा दिला. नियम मी चालवते. जिंकल्या की डबा झाडूवाल्यांना. ह्या वर्षी प्रत्येक वेळी त्यांनाच गेला.

परवा समोरची टीम नवीन आहे. नावही कुणाला माहीत नाही.

१२ फेब्रु., गुरुवार

हरल्या. ४१-४२.

कुणाशी? तर ज्यांची टीम ह्याच वर्षी उभी राहिली त्यांच्याशी. सात मुली. पाठीवरचे नंबर चिकटपट्टीचे, एकीचा तर खेळता खेळता गळून पडला. अशांशी.

चार सेकंद राहिले होते आणि तन्वीला दोन फ्री थ्रो. आमची कॅप्टन, तन्वी देशपांडे. डोळे मिटून टाकते एरवी. एक जरी गेला असता तरी बरोबरी. पहिला रिंगला लागून बाहेर. दुसरा रिंगपर्यंत पोचलाच नाही.

मी उभी राहिले आणि बोलले. मोठ्याने. "बापाची नोकरी भक्कम आहे, हिला काय फरक पडतो हरलं तर!"

बोलले ते बोलले. दोन वर्षं एकही मॅच चुकवली नाही मी. मलाही काही वाटतं.

लाडूही नव्हते. मॅच सुरू व्हायच्या आधीच झाडूवाल्यांना वाटून टाकले होते, इतकी खात्री. मुली बाकावर तोंडावर टॉवेल घेऊन बसल्या होत्या. मी मागच्या दाराने निघाले आणि स्टाफ बस पकडली.

१३ फेब्रु., शुक्रवार

सुटी. मराठी मंडळाच्या लायब्ररीतलं पुस्तक उघडलं. तेच पान तीनदा वाचलं.

तन्वीचे वडील समोर होते. दोन रांगा पुढे. काल हे लिहायचं टाळलं. बोलण्याआधी दिसले नाहीत, बोलल्यावर दिसले. टाय लावलेला. कामाच्या दिवशी चार वाजता आले, तेव्हा वाटलं होतं, मोठी कंपनी, मॅचला सुटीसुद्धा देत असेल. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. हातातली पाण्याची बाटली मात्र झाकण न लावता बॅगेत ठेवली आणि उठून गेले. बॅगेतून पायरी पायरीवर पाणी गळत होतं.

ऐकलं असेल का. एवढा गोंगाट. माझ्या शेजारी संध्या कुलकर्णी बसलेली, ती तर सुरुवातीपासून ओरडत होती. तिची मुलगी बाकावरच असते, खेळायला मिळत नाही, म्हणून तन्वीवर राग.

इथे मराठीत बोललं की वाटतं आपण मनातच बोललो. आजूबाजूला लेबनीज, मल्याळी, फिलिपिनो. हिंदीत मी असं कधी बोलले नसते.

१५ फेब्रु., रविवार

तन्वीची आई आली होती कँटीनमध्ये. अंजलीताई. ऑफिसमधून मुलीचे दाखले घ्यायला आली होती. चहा दिला. बसली आणि सांगायला लागली, मी विचारलं नव्हतं.

देशपांड्यांची नोकरी गेली आहे. जानेवारीतच. तीन आठवडे रोज टाय लावून सकाळी निघायचे आणि सिलिकॉन ओएसिसला, त्यांच्याच जुन्या ऑफिसखाली, गाडीत बसून राहायचे. घरी सांगितलं बुधवारी. तन्वीला गुरुवारी सकाळी, मॅचच्या दिवशी, कारण व्हिसा रद्द झाला आणि आता देश सोडायला महिनाही हातात नाही. ह्या शुक्रवारी पुण्याला जातायत. तिची डिग्री अर्धी राहिली.

मी फडकं घेऊन तेच टेबल पुसत होते.

म्हणाली, "मॅचला मागून कोणीतरी बोललं. ह्यांनी घरी येऊन शब्दन् शब्द सांगितला. दोन दिवस जेवले नाहीत. ती संध्याच, दुसरं कोण असणार. मावशी, तुम्ही एवढं करता मुलींसाठी, आणि एकेक बायका बघा."

माझा हात धरला तिने.

मी म्हटलं, चहा गार होतोय.

१६ फेब्रु., सोमवार

स्वतःला सांगून पाहिलं की चार दिवसांत ते जातील, मग खलास.

दुपारी संध्या कुलकर्णी आली. गर्दी ओसरल्यावर, मुद्दाम. तिच्या मुलीशी टीममधलं कोणी बोलत नाही. लॉकरवर काहीतरी लिहिलं म्हणे. संध्या रागीट बाई, पण आज आवाज खाली होता.

"मावशी, मी ओरडते, मला माहीत आहे. रेफ्रीला म्हशा म्हणाले, तेही कबूल. पण हे मी बोलले नाही. शेवटच्या मिनिटाला मी फोनवर होते, सासूबाईंचा इंडियातून कॉल होता. तुम्ही शेजारी होतात. तुम्ही सांगा ना अंजलीला."

मी म्हटलं, फार गोंधळ होता, मला काही ऐकू आलं नाही.

ती बघत राहिली माझ्याकडे. मग म्हणाली, "बरं." समोसा घेतला होता, तो तसाच ठेवून गेली.

हे दुसरं. पहिलं रागात झालं. हे थंड डोक्याने.

१७ फेब्रु., मंगळवार

बिजू, माझ्याबरोबर काउंटरला असतो, म्हणाला, मावशी, आज सगळ्यांच्या चहात मीठ. खरंच टाकलं होतं. एक सर अर्धा प्यायलेसुद्धा, बिचारे. बिजूला वाटतं मला मॅचचं दुःख आहे. "मावशी, एक मॅच ही तो था. खलास. यल्ला, चलो, चाय बनाओ."

मॅचचं दुःख होतं तेव्हा बरं होतं.

एक गोष्ट लिहायची आहे, ती ह्या वहीत आजवर लिहिली नव्हती. हे गेले, त्यानंतर मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. मी पुढच्या खुर्चीवर होते. मागून एक बाई हळूच म्हणाली, "नवरा गेला पण व्हिसा मिळाला, नशीब एकेकाचं." मराठीत. मला ऐकू जाईल असं तिला वाटलंही नसेल. मी वळले नाही. वळले असते तर दिसली असती. तेव्हापासून मंडळात कुठलीही बाई गोड बोलली की मी तिचा आवाज त्या आवाजाशी लावून पाहते. भांडायचं नाही मला. फक्त कोण ते कळलं असतं तर बाकीच्यांवरचा संशय गेला असता.

देशपांडे आता पुण्याला जाऊन तेच करणार. आणि संध्यावर ते कायमचं राहणार.

ह्यांनी काय केलं असतं, हा प्रश्न काढला आणि सोडून दिला. ते बोललेच नसते. त्यांचा उपयोग नाही इथे.

१८ फेब्रु., बुधवार

तन्वी आली. जर्सी परत करायला आली होती, धुऊन, घडी घालून. मी तिला लहानपणापासून बघत नाही काही, दोनच वर्षं. पण इंग्रजी अक्षरं मी हिच्या टीमच्या स्कोअरशीटवरून शिकले. ह्यांच्यामागे, मॅचनंतर मी आणायचे त्या शीटच वाचायला होत्या घरात. टी ए एन व्ही आय. मी पहिलं वाचलेलं इंग्रजी नाव.

चहा दिला. मी विचारलं, निघायची तयारी झाली का. म्हणाली, "ऑलमोस्ट. सोफा गेला, टीव्ही गेला. पापा बाल्कनीत बसतात." मग स्वतःच म्हणाली, "मावशी, आय नेव्हर मिस टू. त्या दिवशी हातच गार पडले होते. आय कुडन्ट फील द बॉल."

मी म्हटलं, होतं असं.

"पापा म्हणाले की ती आंटी बोलली त्यात खोटं काय, जॉब भक्कम आहे असं सगळ्यांना आपणच दाखवलं ना." आणि थांबून, "कुलकर्णीच्या मुलीशी मी बोलत नाही आता. शी वॉज माय फ्रेंड, ॲक्च्युअली."

तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलंही. काउंटरवर मुलांची रांग लागली, बिजूने हाक मारली, आणि मला त्या हाकेचा आनंद झाला. हे मुद्दाम लिहून ठेवते, की आनंद झाला.

जाताना पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.

१९ फेब्रु., गुरुवार

कामावर गेले नाही. बिजूला फोन केला. सकाळच्या बसने कुसैसला, देशपांड्यांच्या भागात, उतरले, तिथून चालत. बिल्डिंगच्या वॉचमनने फ्लॅट नंबर सांगितला. आधी संध्याला फोन केला खालूनच, तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला तेव्हाच वाटलं होतं, आणि ठेवला.

वर गेले. दार देशपांड्यांनी उघडलं. घरचा शर्ट, दाढी वाढलेली. आत रिकामं होतं, मागे अंजलीताई खोक्याला दोरी बांधत होती. म्हणाली, अगं बाई, मावशी, या ना आत.

मी आत गेले नाही. दारातच उभी राहून त्यांना सांगितलं की मॅचला मागच्या रांगेतून ते मी बोलले होते, संध्याताई नाही.